एका कागदात दोन फांद्या

मी एक जुनी दाबपेटी आहे. हसू नका, मित्रांनो. पेटी म्हणतात तरी मला ना झाकण, ना तळ, ना कडीकुलूप. लाकडी जाळीच्या दोन फळ्या आणि त्यांना आवळून धरणारे दोन चामडी पट्टे, एवढाच माझा संसार. पण या दोन फळ्यांच्या मध्ये किती फुलं आडवी झाली आणि पुढची शंभर वर्षं टिकायला सज्ज होऊन उठली, ते मोजायला बसाल तर तुमच्या हातापायांची बोटं पुरायची नाहीत. शेजारपाजारची उसनी आणावी लागतील.

माझं काम सांगते. रानातून आणलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची. अशा दोन घड्यांच्या मध्ये टीपकागद घालायचा. असे थरावर थर माझ्या पोटात रचायचे आणि पट्टे करकचून आवळायचे. रोज ओले टीपकागद काढून कोरडे घालायचे. आठ-दहा दिवसांत फांदी चपटी आणि खडखडीत होते. मग ती जाड कागदावर चिकटवतात, खाली नावगाव लिहितात आणि कपाटात ठेवतात. त्याला नमुना म्हणतात. शिकलेली माणसं वर्षानुवर्षं त्या नमुन्यांकडे भिंगातून बघत बसतात आणि कोण कोणाचं सोयरं ते ठरवतात.

मला स्वतःला अक्षरओळख नाही. पन्नास वर्षं पोटात वर्तमानपत्रं बाळगली, पण एक ओळ वाचता आली नाही. त्याची लाजही नाही. छापील कागद जवळ ठेवून शहाणपण येत असतं, तर सगळे रद्दीवाले पंडित झाले असते.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याच्याकडे खिडक्यांच्या चौकटीतून उरलेल्या पट्ट्या होत्या. सरांनी, म्हणजे कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवणाऱ्या गृहस्थांनी, त्याला कागदावर माझं चित्र काढून दिलं होतं. सुताराने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"साहेब, नुसती जाळी? मजबूत पाहिजे तर अख्खी फळी लावतो की."

"नको. दाबायचं फळीने, पण वाळवायचं वाऱ्याने," सर म्हणाले. "फटी ठेवा."

सुताराने फटी ठेवल्या. प्रत्येक पट्टी चारही कडांनी घासली, कागद फाटू नये म्हणून. प्रत्येक सांध्यात दोन दोन बारीक खिळे ठोकले आणि त्यांची टोकं वाकवून लाकडात बुडवली. मी त्या माणसाला पुन्हा कधी पाहिलं नाही. पण आजही माझा एक सांधा हललेला नाही, आणि कोणी माझ्यावरून हात फिरवला तर त्याला कुसळ टोचत नाही. हे ऋण माझ्या फळ्यांवर आहे, मित्रांनो, आणि ते मी मिरवते.

सरांबरोबर मी पुष्कळ हिंडले. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. जगात फुलझाडं इतक्या तऱ्हांची का झाली? ते मोठ्याने विचार करायचे, त्यामुळे माझंही शिक्षण झालं. फूल म्हणजे झाडाचं आमंत्रण. कोणी मधमाशीला बोलावतं, कोणी पतंगाला, कोणी घाण वास सोडून माशीला. ज्याचा जसा पाहुणा, तशी त्याची बैठक. लांब सोंडेचा पतंग येणार असेल तर नळीसारखं लांब फूल. वाऱ्यावरच भागत असेल तर थाटमाट नाही, गवतासारखा साधा तुरा. हो, गवतालाही फूल असतं. मलाही आधी पटलं नव्हतं.

आणि नातीगोती तर अशी, की आपल्याकडची लग्नं जुळवणारी माणसंही चक्रावतील. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू एकाच कुळातली. उलट कमळ आणि पाण्यातली कुमुदिनी एकाच तळ्यात राहतात, एकसारखी दिसतात, पण एकाचं दुसरीशी काही नातं नाही. तोंड जुळतं म्हणून नातं जुळत नाही, हे मी सरांकडून शिकले. पुढे तेच सरांना शिकायची वेळ आली, ती गोष्ट मला सांगायची आहे.

सरांच्या हाताखाली शिकायला बाई आल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. अंगाने काटकुळ्या, पण कड्यावर चढायच्या तर बकरीसारख्या. त्यांची घडी घालायची हातोटी मी कोणात पाहिली नाही. एक पान उताणं, एक पालथं, फुलाची एक पाकळी बाजूला सारून आतलं दिसेल असं. सर म्हणायचे, "हिच्या हातचा कागद मी न बघता कपाटात ठेवीन." हे कौतुक होतं. तेच पुढे बाधलं.

सरांचा नियम एकच होता. एका कागदात एक फांदी, आणि कोपऱ्यावर पेन्सिलीने तिचा आकडा.

त्या दिवशी आम्ही एका उंच कड्यापाशी गेलो होतो. सरांचे गुडघे धरलेले, म्हणून ते खाली बसले. बाई मला पाठीवर घेऊन वर चढल्या. वर धुकं, गार वारा, बारीक भुरभुर. कोरड्या कागदांतले बहुतेक ओले झालेले, हातात एकच सुका कागद उरलेला. तिथे कपारीत एक वेल होती. लांब नळीची पांढरी फुलं, कोणी कधी न पाहिलेली. बाईंनी फांदी तोडली तसा टोकातून पांढरा चीक गळला आणि त्यांच्या बोटांना चिकटला. गुंत्यातून ओढताना दुसरी फांदीही हाती आली. तिला फुलं नव्हती, पंखांची फळं होती, भिरभिऱ्यासारखी. पानं दोन्हींची लांबट, टोकदार, समोरासमोर. बाई हरखल्या. फूलही मिळालं, फळही मिळालं! नंतर नीट बघू, असं म्हणून त्यांनी दोन्ही फांद्या त्या एका सुक्या कागदात ठेवल्या आणि कोपऱ्यावर लिहिलं, चारशे सतरा.

माझ्या पोटाला दोन टोकं टोचली. एक चिकट, एक कोरडं. मला तेव्हाच कळलं होतं. पण लाकडाला जीभ असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

त्या दिवशी उतरताना बाईंचा पाय मुरगळला. असा मुरगळला की त्या तीन आठवडे घरी पडून राहिल्या. माझा एक पट्टाही तेव्हाच तुटला आणि सरांनी तिथे सुतळी बांधली. नंतर फांद्या वाळल्या, आणि नमुने चिकटवणाऱ्या मावशींनी चारशे सतराची घडी उघडली. मावशींचा हात कलावंताचा. त्यांनी फुलांची फांदी वर ठेवली, फळांची खाली, दोन्हींची टोकं जुळवली आणि जुळलेल्या जागेवर कागदाची नाजूक पट्टी डकवली. एकच डहाळी दिसायला लागली. चित्रासारखी.

सरांनी ती पाहिली आणि ते खुर्चीतून उठलेच. फूल एका कुळाचं, फळ दुसऱ्या कुळाचं! आणि बाईंच्या वहीत लिहिलेलं, चीक आहे. म्हणजे ही दोन कुळं फार पूर्वी जिथे वेगळी झाली, तिथली ही मधली पणजी असणार. सरांनी तिचं नामकरण केलं, लेख लिहिला. दूरदूरच्या देशांतून पत्रं आली. बाई लंगडत परत आल्या तेव्हा नमुना कपाटात गेला होता आणि सरांचा चेहरा असा उजळला होता की शंका कुणाला सुचणार? कोणाचीच लबाडी नव्हती, मित्रांनो. बाईंनी घाई केली, मावशींनी सजवलं, सरांनी विश्वास ठेवला. तिघांचे गुण एकत्र आले आणि एक चूक जन्माला आली.

तो माझा शेवटचा मोठा प्रवास. पुढच्याच वर्षी लोखंडी सवत आली, पोटात विजेची शेगडी असलेली. दोन दिवसांत फांदी वाळवायची. माझ्या पोटातले जुने कागद कोणी काढलेसुद्धा नाहीत. सुतळी बांधलेली तशीच मी बाईंच्या खोलीत टेबलाखाली सरकवली गेले.

बाई मोठ्या झाल्या. सर निवृत्त झाले, बाई त्यांच्या जागी आल्या. लग्न झालं, मुलं झाली, मुलं शिकायला बाहेरही गेली. पण सरांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांच्या खोलीत एक अख्खी भिंत फुलझाडांच्या वंशावळीने भरली. खिळे आणि रंगीत दोरे. प्रत्येक खिळ्याला एक कुळ, प्रत्येक दोऱ्याला एक नातं. आणि भिंतीच्या बरोबर मध्ये लाल दोऱ्याची मोठी गाठ, सरांची ती वेल. दोन मोठ्या फांद्या त्या गाठीवर टांगलेल्या.

याच खोलीत मला माझी मालकीण भेटली. बाईंच्या सासूबाई.

त्या रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. सून जेवते की कागद चावते, याची त्यांना खात्री नव्हती. खुर्ची उंच, त्यांचे पाय लोंबकळायचे. एकदा त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मला पायाने पुढे ओढलं आणि माझ्यावर पाय ठेवले. झालं. पायाखालचा पाट ही माझी नवी नोकरी. मला आधी फार लागलं. एके काळी माझ्यावरून सर हात फिरवायचे, आणि आता टाचा! पण एकदा कॉलेजचे कारकून जुनं सामान काढायला आले आणि मला उचलायला वाकले, तेव्हा सासूबाई कडाडल्या.

"ठेवा ते खाली. माझं आहे."

"आजी, मोडकी फळी आहे ती. सुतळी बांधलीय."

"मग? मलाही कंबरेला पट्टा बांधलाय डॉक्टरने. मलाही न्या उचलून."

कारकून गेले. मी वाचले. तेव्हापासून त्यांच्या टाचा मला आशीर्वादासारख्या वाटतात.

सासूबाई दोन इयत्ता शिकलेल्या. पण ती भिंत त्यांनी तोंडपाठ केली होती. वांग्या-बटाट्याच्या घरात तंबाखू आहे, हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असतोच. प्रत्येक घराण्यात एक तंबाखू निघतोच. आमच्यात माझा धाकटा दीर."

आता मुद्द्यावर येते. सव्वीस वर्षांनी बाईंचं मोठं पुस्तक तयार झालं. फुलझाडं कशी उत्क्रांत झाली, कशी फाटत, वाढत, पसरत गेली, त्याचं. सरांचा अठ्ठ्याहत्तरीचा सत्कार होता आणि त्यातच पुस्तक निघायचं होतं. शेवटची खात्री म्हणून बाईंनी चारशे सतराच्या नमुन्यातले पानांचे दोन चिमूटभर तुकडे डीएनए तपासायला पाठवले. एक वरच्या पानाचा, एक खालच्या.

उत्तर आलं. वरचं पान एका कुळाचं. खालचं पान भलत्याच कुळाचं.

बाईंच्या हाताखाली काम करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, नमुना जुना आहे. काहीतरी मिसळलं असेल. दुसरा तुकडा पुस्तकात घेऊच नका ना. वरचाच सांगू."

"आणि वरचा तरी बरोबर कशावरून?"

"मॅडम, छपाईला दोन महिने राहिलेत."

बाईंनी तो नमुना कपाटातून आणून टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत राहिल्या. गाठ खोटी असेल तर भिंतीवरच्या दोन मोठ्या फांद्या लोंबकळणार. पुस्तकाची तीन प्रकरणं जाणार. आणि सरांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांच्याच सत्काराच्या तोंडावर, त्यांच्याच लाडक्या विद्यार्थिनीच्या हातून मोडणार.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. माझ्यावर पाय ठेवले, डबा उघडला. बाईंनी घास उचलला नाही.

"काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही, आई."

"मग जेव. कोणी मेल्यावर न जेवणं वेगळं."

बाईंनी नमुना त्यांच्यापुढे सरकवला आणि सगळं सांगितलं. सासूबाईंनी बाईंचं भिंग उचललं, एक डोळा मिटला आणि नमुन्यावर नाक टेकेपर्यंत वाकल्या. आधी वरची फांदी पाहिली, मग खालची.

"अगं सूनबाई, या दोघींचं कातडं, म्हणजे साल, बघ. वरचीचं गुळगुळीत. खालचीचं खरखरीत, तीळ उठल्यासारखं. ही पट्टी कशाला लावलीय मध्ये?"

"नमुना हलू नये म्हणून लावतात."

"की सांधा दिसू नये म्हणून?" सासूबाई सरळ झाल्या. "दोन जावा एका ताटात जेवल्या म्हणजे सख्ख्या बहिणी होतात का?"

बाईंना तो एकच सुका कागद आठवला असावा, कारण त्या एकदम म्हणाल्या, "आई, पाय उचला."

"का?"

"उचला हो!"

त्यांनी मला बाहेर ओढलं, धूळ झटकली, सुतळी सोडली. सव्वीस वर्षांनी माझ्या पोटात उजेड शिरला. काय सांगू तुम्हाला! बाई एकेक घडी उलटत गेल्या, चारशे दहा, चारशे बारा, आणि मधेच सासूबाई जुन्या जाहिराती बघून, "हा साबण अजून मिळतो का गं?" असं विचारत होत्या. मग ती घडी आली. कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा, बाईंच्याच विशीतल्या अक्षरात.

मी ती सावली जपून ठेवली होती, मित्रांनो. ओली फांदी दाबली की तिचा रस कागदात उतरतो आणि तपकिरी छाप राहतो. त्या कागदावर दोन छाप होते. चार बोटं अंतरावर, एकमेकींना न शिवणारे. एकीच्या टोकाशी वाळलेल्या चिकाचा काळा, कडक गोळा. दुसरीचं टोक कोरडं ठणठणीत.

सासूबाईंनी बोट ठेवलं. "एकीला दूध आहे, दुसरीला थेंब नाही. एका आईच्या कशा?"

बाई जमिनीवर बसल्या. "मीच. आई, मीच ठेवल्या. एकच कागद होता. नंतर बघू म्हटलं."

"मग आता बघितलंस की."

"सरांना कसं सांगू?"

"नको सांगूस. उद्या दुसरा कोणी सांगेल." सासूबाईंनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "घरची चूक घरच्यांनी सांगितली तर चूकच राहते. शेजाऱ्याने सांगितली की तिचा तमाशा होतो. आधी चार घास खा. उपाशी माणसाचं खरंही रडगाणं वाटतं."

दुसऱ्या दिवशी बाई मला काखेत मारून सरांच्या घरी गेल्या. सर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मला पाहून त्यांनी झारी खाली ठेवली. "अरे, ही अजून आहे?" असं म्हणून त्यांनी माझ्या पट्टीवरून हात फिरवला. कुसळ टोचलं नाही. मला रडता आलं असतं तर तेव्हा रडले असते.

बाईंनी कागद उलगडला आणि शेजारी डीएनएचे अहवाल ठेवले. सरांनी चष्मा काढला, भिंग घेतलं. आत कुठेतरी कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. सर बघतच होते.

"चीक इथे आहे," ते शेवटी म्हणाले. "इथे नाही."

"सर, चूक माझी. एका कागदात दोन..."

"तू बावीस वर्षांची होतीस आणि कागद संपले होते. मी बावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या हातात भिंग होतं." ते खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "ती पट्टी उचलून बघायला मला एक मिनिट लागलं असतं. मला बघायचंच नव्हतं. मला पणजी हवी होती, ती मिळाली."

बाईंनी डोळे पुसले. मग सरच म्हणाले, "पुस्तक?"

"थांबवलं. आज सकाळीच कळवून आले."

"मला विचारायच्या आधी?"

"तुम्ही नको म्हणाला असतात तर माझा धीर सुटला असता."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. कितीतरी वर्षांनी मी तो वर्गातला आवाज ऐकला. "बरं. मग मला सांग, त्या वेलीचं खरं फळ कुठे आहे?"

"कोणी पाहिलंच नाही, सर. आपण शोधलंच नाही. आपल्याला मिळालं होतं ना!"

"मग शोध. पावसाळा सरल्यावर चार-पाच महिन्यांनी जा." त्यांनी माझी सुतळी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. उभे राहून त्यांनी स्वतःच्या कंबरेचा चामडी पट्टा काढला आणि माझ्या भोवती बांधला. आतून त्यांच्या पत्नी ओरडल्या, "अहो, आणि तुमची पँट?"

"राहील गं! आता माझं काही पडायचं उरलेलं नाही."

सत्कार झाला, पुस्तकाशिवाय. सरांनी भाषणाला उभं राहून मला टेबलावर ठेवलं, तो जुना कागद सभेपुढे धरला आणि सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका विद्वानांनी ओठ दाबून हसून घेतलं, ते मी पाहिलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उभी राहिली. नमुने चिकटवणाऱ्या मावशी.

"साहेब, फुलांची फांदी वर मी लावली हो. छान दिसत होती."

सगळी सभा हसली. सरही हसले. आणि तो विद्वान तेवढा हसायचा थांबला.

पावसाळा सरून बरेच दिवस गेल्यावर आम्ही कड्यावर गेलो. आम्ही म्हणजे बाई, ती हाताखालची मुलगी, मी आणि सासूबाई. "माझा पाट नेताय तर मीही येणार," असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या कड्याखाली सपाट दगडावर बसल्या, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कागद घेऊन. बाई वरून एकेक फांदी दोरीने खाली सोडायच्या आणि सासूबाई एकेक कागद काढून द्यायच्या. मुलगी एकदा घाईत म्हणाली, "आजी, या दोन लहान आहेत, एकातच घालू?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने जन्माचा धडा घेतला.

शेवटी बाई स्वतः उतरल्या, हातात वेल. वेलीच्या टोकाला उशिरा आलेलं एक पांढरं फूल, आणि खाली दोन दोन शेंगा जोडीने लागलेल्या, बैलाच्या शिंगांसारख्या. वाळून तडकलेल्या. त्यांनी एक शेंग माझ्या फळीवर ठेवून अलगद दाबली आणि ती उघडली. आतून रेशमी पांढऱ्या झुपक्यांची बीजं निघाली आणि वाऱ्यावर उठली. तुम्ही लहानपणी ज्यांच्या मागे धावलात, त्या म्हाताऱ्या. शंभरएक म्हाताऱ्या त्या कड्याच्या तोंडावर तरंगत होत्या.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "इतक्या जणी मला न्यायला आल्यात, आणि मी आहे की तुझे कागद मोजत बसलेय."

बाई हसता हसता रडत होत्या. फूल, पान, चीक, शेंग, सगळं एकाच फांदीवर, एकाच कागदात. खरं फळ त्यांच्या हातात होतं. मधली पणजी नव्हतीच. होती ती साधी, खरी, आपल्या कुळातली लेक.

पुढे शास्त्राच्या नियमाप्रमाणे सरांनी दिलेलं नाव फुलाच्या वेलीकडेच राहिलं, आणि पंखांची फळं ज्या शेजारच्या झुडपाची होती त्याच्याकडे माघारी गेली. भिंतीवरची लाल गाठ बाईंनी स्वतः सोडली. तिथे आता रिकामा खिळा आहे. पुस्तक दोन वर्षं उशिरा निघालं, तीन प्रकरणं नव्याने लिहून. सर ते वाचायला होते, याचा मला आनंद आहे. पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. त्यांचा पट्टा माझ्या अंगावर आहे.

पुस्तक आलं त्या दिवशी सासूबाईंनी पहिलं पान नाही, आभाराचं पान उघडलं आणि अक्षराअक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं. सर होते. मावशी होत्या. "नाव न कळलेला सुतार" होता. मग त्या थांबल्या, पुन्हा वाचलं आणि चष्मा पुसला. "सूनबाई, पाटाचंही नाव घातलंस?"

"पाटाचं नाही, आई. दाबपेटीचं. तुमच्या खालोखाल."

"खालोखाल ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय उचलून जमिनीवर ठेवले. तेवढा एक दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यावरच.

मित्रांनो, मी आता पुन्हा कामाला लागले आहे. लोखंडी सवतीची शेगडी जळाली, तेव्हा माझी आठवण झाली. मला तक्रार नाही. ज्याने फटी ठेवल्या त्याचे उपकार, ज्यांनी पट्टा दिला त्यांचे उपकार, जिने पायाखाली घेऊन फेकण्यापासून वाचवलं तिचे तर किती! तुमच्याही घरात कोपऱ्यात कोणी जुनं पडलं असेल, माणूस किंवा वस्तू. टाकण्याआधी एकदा उघडून बघा. तुमच्या चुकीचा डाग कदाचित त्यानेच जपून ठेवला असेल, तुम्हाला दाखवायला.

आणि हो, रानात जाल तेव्हा कागद जास्तीचे न्या. माझ्या डाव्या फळीच्या सांध्यात त्या दिवशीची एक म्हातारी अडकलेली आहे. पट्टा आवळताना ती अजून थरथरते. कोणी तिला काढायला आलं की सासूबाई म्हणतात, "राहू दे. तिचा कागद तिला मिळालाय."